ख्रिस्तवासी फादर फ्रान्सिस दिब्रिटो
(धर्मग्रामाच्या महोत्सवी सभेंत केलेलें भाषण)



आजच्या आनंदांत एका वडीलधाऱ्या पुरुषाची उणीव आपणां सर्वांस भासत आहे. ता. २५ जुलै २०२४ रोजीं फादर दिब्रिटो प्रभुचरणीं लीन झाले. नंदाखालचे हे सुपुत्र. १९७२ सालीं त्यांस गुरुदीक्षा मिळाली व १९८३ पासून २००७ पर्यंत ‘सुवार्ता’ मासिकाचें संपादन त्यांजकडे होतें.

वसईच्या विहिरींचें पाणी टँकरांत भरून शहरांकडे जाऊं लागलें, वाड्यांच्या जागीं इमारती उठूं लागल्या, तेव्हां हरित वसईची चळवळ घेऊन ते रस्त्यावर उतरले. धमक्या आल्या, तरी हटले नाहींत. धर्मगुरूनें वेदी सोडून अशा भानगडींत कां पडावें, असा प्रश्न कोणी करील. परंतु विहिरीवर वाडी, वाडीवर कुटुंब, आणि कुटुंबांवर धर्मग्राम उभा. विहीर आटल्यावर वेदीपुढें गुडघे टेकावयास उरेल कोण?

त्यांच्या लेखणीचीहि हीच तऱ्हा. ‘सुबोध बायबल’ हातीं घ्यावें, तों प्रभूचे शब्द साध्या, वाहत्या मराठींत कानीं पडतात. (घरीं आपण सामवेदी किंवा वाडवळी बोलतों, ही गोष्ट निराळी!) २०२० सालीं उस्मानाबाद येथें अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, हा मान मिळालेले ते पहिले ख्रिस्ती धर्मगुरु. निवडीस विरोध झाला होता, पाठीच्या दुखण्यानें शरीर जर्जर होतें. तरी गेले, आणि निर्भयपणें बोलले.

त्यांच्या आत्म्यास चिरशांति लाभावी म्हणून आतां आपण क्षणभर उभे राहूं या.