रंगमंचामागच्या तारा
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



माझी ओळख ‘संगणक अभियंता’ अशी करून दिली गेली. त्यामुळे मधल्या सुट्टीत निदान चार जण मोबाइल दुरुस्तीला घेऊन येतील, याची मला खात्री आहे. पण आज मी बोलणार आहे ते माझ्या पाठीमागच्या भिंतीवरच्या तारांबद्दल.

आपल्या तुकडीने शाळेला भेट म्हणून सभागृहासाठी नवे दिवे आणि ध्वनियंत्रणा द्यायचं ठरवलं, हे तुम्हाला ठाऊक आहे. दरपत्रक मागवलं, तेव्हा एक प्रश्न पुढे आला. रंगमंचावर आधीच जे सॉकेट, डबे आणि तारा आहेत, त्यांतलं चालू काय आणि बंद काय? कुणालाच सांगता येईना. मग मुख्याध्यापिकांची परवानगी घेऊन आम्ही तिघे दोन रविवार इथे आलो. एक आपल्याच वर्गातला परवानाधारक वायरमन, एक नाटकांचं ध्वनिसंयोजन करणारा, आणि मी वही-पेन घेऊन.

पहिला धडा मेन स्विचपाशीच मिळाला. मेन बंद केला, तरी डाव्या विंगेतलं एक सॉकेट मीटरवर २३० व्होल्ट दाखवत होतं. नंतर केव्हातरी पंख्यासाठी कार्यालयाच्या बाजूने दुसरी लाइन ओढली होती. म्हणजे रंगमंचाला वीज दोन ठिकाणांहून येते आणि बोर्डावर त्याची कुठेही नोंद नाही. तेव्हापासून प्रत्येक सॉकेट मीटरने तपासल्याशिवाय हात लावायचा नाही, असा नियम केला. निऑन टेस्टरवर आम्ही विसंबलो नाही. शेजारच्या तारेतून नुसता प्रभाव आला तरी तो मिणमिणतो, आणि वीज असून न्यूट्रल तुटलेली असेल तर ते त्याला कळत नाही.

मग तारांची वयं ठरवायला बसलो. सगळ्यात जुन्या तारा सागवानी पट्टीवर पत्र्याच्या छोट्या क्लिपांनी बसवलेल्या आहेत. वर सुती विणीचं आवरण, आत रबर. तार सोलली तर पांढरट दिसते, म्हणून ॲल्युमिनियम वाटते. चाकूने हलकेच खरवडलं की खाली तांबं दिसतं. रबर टिकाऊ करायला त्यात गंधक घालत, आणि गंधकाने तांबं खराब होतं, म्हणून तांब्याला कथलाची कल्हई करत. रबराचं आयुष्य मात्र संपलंय. फूटलाइटच्या मागची तार वाकवली, तर आवरणाचे बिस्किटासारखे तुकडे पडले. त्या पट्टीला लागूनच गॅदरिंगच्या नाचात मुलं बसतात.

त्यानंतरची पिढी पीव्हीसीची : लाल, पिवळी, निळी या तीन फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थिंग. इथे एक फसगत आहे. आजकालच्या उपकरणांच्या कॉर्डमध्ये तपकिरी फेज आणि निळी न्यूट्रल असते. आपल्या भिंतीतली निळी मात्र फेज आहे. नुसत्या रंगावरून जोडणी करणाऱ्याचं काय होईल, ते वेगळं सांगायला नको. शिवाय डावी आणि उजवी विंग वेगवेगळ्या फेजवर आहेत. प्रत्येकीत २३० व्होल्ट, पण दोघींच्या मध्ये ४०० व्होल्ट.

आता सॉकेटं. विंगेतली मोठ्या गोल पिनांची १५ अँपिअरची सॉकेटं सगळ्यांच्या ओळखीची आहेत, घरी गीझरला तशीच असतात. ही ठेवण मूळची ब्रिटिश. तिथल्या घरांत १९४७ नंतर चपट्या पिनांचा प्लग आला, पण नाटकवाल्यांनी दिव्यांसाठी गोल १५ अँपिअरचाच ठेवला. कारण साधं आहे. चपट्या प्लगच्या पोटात फ्यूज असतो. तो उडाला तर भर प्रयोगात शिडी लावून छताला टांगलेल्या दिव्यापर्यंत कोण चढणार? आपल्या विंगेतल्या जाळीदार लोखंडी पेटीचंही कोडं सुटलं. आत चिनी मातीवर गुंडाळलेली तार आणि बाहेर सरकता दांडा. तो तारेचा डिमर आहे. दिवा मंद करताना उरलेली वीज तो उष्णतेत घालवतो, म्हणून त्याला जाळी. पाच छिद्रांचं गोल सॉकेट जुन्या टेपरेकॉर्डरचं निघालं. आपल्या समूहगीतांचं संगीत बहुधा तिथूनच वाजत होतं.

सगळ्यात काळजीची गोष्ट मागच्या भिंतीवर सापडली. तिथे दोन छिद्रांची तीन सॉकेटं आहेत, अगदी एकसारखी. दोन पंख्यांची, २३० व्होल्टची. तिसऱ्यात वीज नाही, म्हणून आम्ही ते बंदच धरणार होतो. पण तार मागे मागे शोधत गेलो, तर ती व्यासपीठावरच्या ॲम्प्लिफायरच्या जागेपर्यंत पोचली. ती लाउडस्पीकरची लाइन होती.

हे असं का केलं असेल? १०० वॉटचा आवाज ८ ओहमच्या स्पीकरला थेट पाठवायचा, तर साडेतीन अँपिअर लागतात, आणि लांबच्या बारीक तारेत बरीच शक्ती वाया जाते. म्हणून ॲम्प्लिफायरमधून १०० व्होल्टवर पाठवतात आणि प्रत्येक स्पीकरपाशी छोटा ट्रान्सफॉर्मर लावतात. मग एक अँपिअरमध्ये काम भागतं आणि तारेतलं नुकसान सुमारे बारा पटींनी घटतं. योजना उत्तमच होती. बसवणाऱ्याने बाजारात सहज मिळणारं सॉकेट वापरलं आणि त्याला स्वतःला ते माहीत होतं. त्याच्यानंतर आलेल्यांना माहीत नव्हतं, इतकंच. आता कल्पना करा. दोन्ही टोकांना पिना असलेली स्पीकरची वायर घेऊन आठवीतला एखादा मुलगा ती शेजारच्या सॉकेटात घालतो. दुसऱ्या टोकाच्या उघड्या पिना त्याच्याच हातात असतात, आणि त्यांत २३० व्होल्ट.

माझ्या नोकरीत हे रोजचं आहे. वीस वर्षांपूर्वी कुणीतरी लिहिलेला प्रोग्राम समोर येतो, लिहिणारा निघून गेलेला असतो. त्यातली एखादी विचित्र ओळ नवे लोक हसून काढून टाकतात आणि रात्री दोनला फोन येतो. ती ओळ कुणाच्या तरी खऱ्या अडचणीवरचा उपाय असते. अडचण काय होती, तेवढं लिहायचं राहिलेलं असतं. या भिंतीवरची प्रत्येक तार तशीच आहे.

एक तार मात्र आनंदाची निघाली. डाव्या विंगेत प्रॉम्प्टर उभा राहतो तिथे एक छोटं काळं बटण आहे. त्याची पीळ दिलेली बारीक तार माळ्यावरून थेट बाहेरच्या व्हरांड्यात जाते, एका घंटेपर्यंत. आपल्या मराठीच्या बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, “अरे, ती तिसरी घंटा! पालक बाहेर चहा पीत उभे राहायचे, नाटक सुरू झालेलं त्यांना कळायचं नाही.” ट्रान्सफॉर्मर जळलेला होता. आम्ही ६ व्होल्टची बॅटरी जोडली आणि घंटा वाजली. आजच्या कार्यक्रमाला तुम्ही सगळे वेळेवर आत आलात, ते त्याच घंटेमुळे. बाई, तुम्ही पहिल्या रांगेत आहात, म्हणून हे तुमच्यासमोर सांगते आहे.

आता मुद्द्याचं. रंगीत एलईडी दिवे आणि मोठे स्पीकर दिले की फोटो छान येतील आणि आपल्या तुकडीचं नाव झळकेल. पण ते या तारांवर जोडणं मला मान्य नाही. माझी विनंती आहे की जमलेल्या निधीतून आधी रबराच्या सगळ्या तारा काढाव्यात, प्रत्येक सॉकेटला अर्थिंग द्यावं, आणि ३० मिलिअँपिअरची गळती होताच वीज तोडणारा ब्रेकर बसवावा. स्पीकरसाठी फिरवून बसणारे वेगळे जोड घ्यावेत, म्हणजे विजेच्या सॉकेटात ते जाणारच नाहीत. रंगमंचाचा पुरवठा एकाच मेन स्विचवर आणावा. उरलेल्या पैशांत दिवे. कदाचित या वर्षी चारच येतील, बाकीचे पुढच्या वर्षी घेऊ.

आणि एक गोष्ट जवळजवळ फुकट होणारी आहे. आम्ही प्रत्येक तारेला क्रमांक दिलाय आणि आराखडा काढलाय. त्याची एक प्रत बोर्डाच्या दाराला आतून चिकटवू, दुसरी ग्रंथालयात ठेवू. काम करणाऱ्या प्रत्येकाने त्यात तारीख घालून दोन ओळी लिहायच्या : काय बदललं आणि का.

वहीत एका तारेपुढे अजून प्रश्नचिन्ह आहे. शिशाच्या आवरणाची, करड्या रंगाची, क्रमांक १७. ती उजव्या विंगेतून फरशीखाली जाते. तिच्यात वीज नाही, दुसरं टोक सापडलेलं नाही. आमच्याआधीच्या तुकड्यांतले बरेच जण आज इथे आहेत, निवृत्त सरही आहेत. कुणाला काही आठवत असेल, तर जेवणाच्या रांगेत मला गाठा. वही मी बरोबर आणली आहे.