आदर्श राज्याची कल्पना आणि व्यक्तीचे स्वातंत्र्य

(वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या भाषणाचा लेखी पाठ)



वक्ता डॉक्टर असला की तो मधुमेह आणि रक्तदाब यांवर बोलणार, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. त्या विषयांवर बोलण्यास आम्ही केव्हाही तयार आहोत. परंतु आज आम्ही काही कादंबऱ्यांविषयी बोलणार आहोत. येथील शाळांमधून आपली मुले जी पुस्तके वाचतात, त्यांत एका विशिष्ट प्रकारच्या कादंबऱ्या वारंवार आढळतात. सर्वांना सुखी करणारे राज्य, सर्वांचे हित जाणणारा नेता आणि त्या राज्यात प्रश्न विचारणारी एखादी व्यक्ती, असे त्यांचे सूत्र असते. मुले त्या परीक्षेपुरत्या वाचतात आणि आई-वडील सहसा वाचतच नाहीत. आमच्या मते त्या आपण वडीलधाऱ्यांनी आधी वाचावयास हव्यात. ज्या समाजाला एका थोर नेत्याच्या मार्गदर्शनाने माणूसपण परत मिळाले, त्या समाजाला नेता आणि अनुयायी यांच्या नात्याचा विचार टाळता येत नाही.

या साहित्याचे नाव ज्या ग्रंथावरून पडले, तो 'युटोपिया' इंग्लंडच्या थॉमस मोर यांनी १५१६ साली लॅटिन भाषेत लिहिला. 'युटोपिया' म्हणजे कुठेही नसलेली जागा. उच्चाराच्या साधर्म्यामुळे त्यातून 'उत्तम जागा' असाही अर्थ ध्वनित होतो. या बेटावर खाजगी मालमत्ता नाही, दिवसाला सहा तासांचेच काम आहे आणि प्रत्येक नगराबाहेर चार प्रशस्त रुग्णालये आहेत. डॉक्टरांना तर तेथे राहावयास जावेसे वाटेल! परंतु तेथे परगावी जावयाचे तर राज्यकर्त्याचा परवाना लागतो आणि परवान्याशिवाय दुसऱ्यांदा सापडणारा नागरिक गुलाम होतो. जनावरे मारण्याचे आणि ती साफ करण्याचे काम नगराबाहेर होते व ते गुलाम करतात. कारण ते काम नागरिकांनी केले तर त्यांच्या मनातील करुणा बोथट होईल, अशी भीती आहे. करुणा जपावयाची ती काहींची आणि हात रक्ताने भरावयाचे ते दुसऱ्यांचे! ही व्यवस्था आपल्या पूर्वजांना कोणी समजावून सांगण्याची आवश्यकता नव्हती. म्हणून कोणत्याही आदर्श राज्याचे वर्णन ऐकले की आपण दोन प्रश्न अवश्य विचारावेत. तेथील घाणीचे काम कोण करतो? आणि तेथून निघून जावयाचे असेल तर जाता येते काय?

विसाव्या शतकात या आदर्श राज्याच्या कल्पनेतून तिची काळी बाजू दाखविणारे साहित्य जन्मास आले. इंग्रजीत त्याला 'डिस्टोपिया' म्हणतात; आपण दुःस्वप्नराज्य म्हणू. रशियन लेखक येवगेनी झाम्यातिन यांनी १९२०-२१ च्या सुमारास लिहिलेल्या कादंबरीचे नावच मुळी 'आम्ही' या अर्थाचे आहे. तिचे इंग्रजी भाषांतर १९२४ साली न्यूयॉर्क येथे प्रसिद्ध झाले. लेखकाच्या स्वतःच्या देशात ती छापली जाण्यास १९८८ साल उजाडावे लागले. या राज्यात माणसांना नावे नाहीत, क्रमांक आहेत. घरांच्या भिंती काचेच्या आहेत आणि उठणे, जेवणे, फिरणे सारे वेळापत्रकानुसार चालते. सर्वोच्च नेत्याला 'उपकारकर्ता' म्हणतात. दरवर्षी एकमताचा दिवस साजरा होतो आणि त्या दिवशी सर्वांच्या देखत हात वर करून त्याच उपकारकर्त्याची पुन्हा निवड केली जाते. एका वर्षी मात्र विरोधात हजारो हात वर होतात. यावर राज्याचा उपाय काय? क्ष-किरणांनी मेंदूतील कल्पनाशक्तीचे केंद्र जाळून टाकण्याची शस्त्रक्रिया! कथेचा नायक स्वतः अभियंता आहे. शस्त्रक्रियेनंतर तो आपल्या प्रिय स्त्रीचा छळ डोळ्यांसमोर पाहतो आणि त्याला काहीच वाटत नाही.

आल्डस हक्स्ली यांची 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' ही कादंबरी १९३२ साली प्रसिद्ध झाली. बंधू-भगिनींनो, ही कादंबरी आपल्या समाजातील प्रत्येक सुशिक्षित माणसाने वाचावी, असा आमचा आग्रह आहे. तिच्यात माणसे आईच्या पोटी जन्मत नाहीत, बाटल्यांत वाढविली जातात आणि बाटलीतच त्यांची जात ठरते. अल्फा, बीटा, गॅमा, डेल्टा आणि एप्सिलॉन अशा पाच जाती. जात जितकी खालची, तितका गर्भाला प्राणवायू कमी. प्राणवायूच्या अभावाचा आघात प्रथम मेंदूवर होतो, हे वैद्यकाचे प्राथमिक ज्ञान. येथे त्याच ज्ञानाने मंदबुद्धी मजूर तयार होतात. एवढ्याने भागत नाही. झोपलेल्या मुलांच्या उशाशी रात्रीमागून रात्री एकच पाठ ऐकविला जातो. बीटा मुलांच्या मनावर ठसते की अल्फांना फार कष्ट पडतात, गॅमा आणि डेल्टा मूर्ख असतात आणि आपण बीटा आहोत हेच आपले भाग्य. प्रत्येक जातीच्या पोशाखाचा रंगही ठरलेला असतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी श्रेणीबद्ध विषमतेची जी मीमांसा केली, ती येथे आठवल्यावाचून राहत नाही. प्रत्येकाच्या वर कोणीतरी आहे. परंतु प्रत्येकाच्या खाली तुच्छ लेखावयास आणखी कोणीतरी आहे, म्हणून सर्वांनी मिळून व्यवस्था उलथवावी असे कोणासच वाटत नाही. हक्स्लींना त्यासाठी बाटल्या आणि यंत्रे कल्पावी लागली. भारतात ते काम धर्मग्रंथ, रूढी आणि गावकुसाची भिंत यांनी शतकानुशतके बिनबोभाट केले. 'जातिप्रथेचे निर्मूलन' हा बाबासाहेबांचा ग्रंथ १९३६ सालचा, म्हणजे या कादंबरीनंतर अवघ्या चार वर्षांचा.

या कादंबरीतील नेता क्रूर नाही, हे विशेष. मुस्तफा माँड हा विद्वान आहे. तो एके काळी पदार्थविज्ञानाचा बुद्धिमान अभ्यासक होता आणि बंदी घातलेले ग्रंथ त्याच्या तिजोरीत आहेत. त्याचा युक्तिवाद असा की, सर्वच माणसे बुद्धिमान असतील तर हलकी कामे कोण करणार? सायप्रस बेटावर केवळ अल्फांची वसाहत करून पाहिली, तेव्हा यादवी माजली, हे उदाहरण तो पुढे करतो. मोर यांच्या बेटावरील गुलामांचाच हा प्रश्न चारशे वर्षांनंतर पुन्हा डोके वर काढतो. आणि त्यातूनही कोणाला दुःख झालेच, तर 'सोमा' नावाची गोळी तयार असते.

येथे वैद्यकातील एक दाखला देतो. कुष्ठरोगात हातापायांची बोटे झडतात, ती रोगजंतूंनी खाल्ल्यामुळे झडतात असा सार्वत्रिक समज आहे. वास्तविक रोगामुळे मज्जातंतू बधिर होतात, चटका बसला किंवा काटा रुतला तरी कळत नाही, आणि दुर्लक्षित जखमांमुळे बोटांचा नाश होतो. वेदना ही शरीराची पहारेकरीण आहे. समाजाच्या शरीरात हेच काम विरोधी मत मांडणारी व्यक्ती करते. तिचे बोलणे बोचते, म्हणून तिला गोळी देऊन गप्प केले, तर समाजाला शांतता लाभते खरी. परंतु ती बधिरतेची शांतता असते.

बिहारमधील मोतिहारी येथे १९०३ साली जन्मलेले जॉर्ज ऑर्वेल यांची 'नाइन्टीन एटी-फोर' आपणांपैकी अनेकांना ठाऊक असेल. तिच्यातील नेता भिंतीभिंतीवरील चित्रांत दिसतो. प्रत्यक्ष कोणालाच भेटत नाही. जुनी वृत्तपत्रे बदलून इतिहास नव्याने लिहिणे हीच नायकाची नोकरी आहे. आम्हांस मात्र तिच्यातील छळाचा भाग सर्वांत अधिक अस्वस्थ करतो. कारण छळ करणारा अधिकारी डॉक्टराच्या भूमिकेतून बोलतो आणि आपण शिक्षा देत नसून उपचार करीत आहोत, असे समजावतो. आपल्या मुलांच्या परिचयाची लोइस लॉरी यांची 'द गिव्हर' ही १९९३ सालची कादंबरीही पाहा. तिच्यात रंग नाहीत, भूक नाही, युद्ध नाही. बाराव्या वर्षी प्रत्येकाचा व्यवसाय वडीलधारी समितीच ठरविते. नायकाचे वडील अर्भकांची देखभाल करणारे प्रेमळ गृहस्थ आहेत. जुळ्या बाळांपैकी वजनाने कमी असलेल्या बाळाला ते हसतमुखाने इंजेक्शन देऊन संपवितात, आणि त्या कृत्याला तेथील भाषेत 'मुक्तता' असा सुंदर शब्द आहे.

शस्त्रक्रिया, बाटली, गोळी, उपचार, इंजेक्शन! या चारही लेखकांनी सत्तेच्या हाती डॉक्टरी साधने दिली, हा योगायोग आहे असे आम्हांस वाटत नाही. जुलमी राजा प्रजेचा शत्रू म्हणून ओळखता येतो. आपल्या हितासाठी झटणाऱ्याला नाही म्हणणे मात्र कठीण असते. हे केवळ कल्पनेतच घडले असेही नाही. याच अमेरिकेत इंडियाना राज्याने १९०७ साली सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला आणि १९२७ साली येथील सर्वोच्च न्यायालयाने व्हर्जिनिया राज्याचा तसाच कायदा वैध ठरविला. जर्मनीतील अत्याचारांनंतर न्यूरेंबर्ग येथे ज्या २३ आरोपींवर खटला चालला, त्यांपैकी २० डॉक्टर होते. १९४७ च्या त्या निकालात मानवी प्रयोगांसाठी जी तत्त्वे घालून दिली, त्यांतील पहिले तत्त्व व्यक्तीच्या स्वेच्छेच्या संमतीचे आहे. हेतू कितीही उदात्त असो, संमतीवाचून केलेले हित हे हित राहत नाही. ही कसोटी आम्ही नेतृत्वालाही लावतो.

मग चांगल्या समाजाचे स्वप्नच पाहू नये काय? हक्स्लींनीही तसे म्हटले नाही. १९६२ साली त्यांनी 'आयलंड' या कादंबरीत पाला नावाचे बेट कल्पिले. महायान बौद्ध विचार आणि आधुनिक विज्ञान यांच्या मेळातून घडलेल्या या समाजाचा पाया तेथील राजा आणि एक स्कॉटिश डॉक्टर यांनी मिळून घातला, हे आम्हांस साहजिकच आवडले. तेथे सैन्य नाही. प्रत्येक मुलाला अनेक घरे आपली असतात, जेणेकरून एका घराचा जाच झाला तर ते दुसऱ्या घरी जाऊन राहू शकते. निघून जाण्याचा हक्क तेथे मुलालाही आहे! तेथेही एक औषधी पदार्थ घेतला जातो. पंचशील पाळणाऱ्या माणसाला आणि डॉक्टरालाही तो भाग पटणार नाही. शेवटी परदेशी वातावरणात, आईच्या पंखाखाली वाढलेला तरुण राजा शेजारच्या हुकूमशहाचे सैन्य घेऊन येतो आणि पाला संपते. वारस रक्ताने ठरविणाऱ्या समाजाची ही शोकांतिका आहे.

भगवान बुद्धांनी आपला वारस नेमला नाही. ते मार्गदाता होते, मोक्षदाता नव्हते. संघात महत्त्वाचा ठराव तीनदा मांडला जाई आणि ज्यांना तो मान्य नसेल त्यांनी बोलावे, असे प्रत्येक वेळी सांगितले जाई. मतभेद मिटला नाही तर शलाका, म्हणजे काड्या, वाटून मते घेत. गुप्त मतदानाचीही पद्धत होती. झाम्यातिन यांच्या एकमताच्या दिवसाशेजारी ही पद्धत ठेवून पाहावी, म्हणजे दोहोंतील अंतर ध्यानी येईल. ऑर्वेल यांची कादंबरी १९४९ च्या जूनमध्ये आली. त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला संविधान सभेतील अखेरच्या मोठ्या भाषणात बाबासाहेबांनी भिक्षुसंघाच्या या कार्यपद्धतीचे स्मरण करून दिले. आणि त्याच भाषणात, राजकारणात भक्ती व विभूतिपूजा शिरली तर देश अधःपाताकडे आणि अंती हुकूमशाहीकडे जाईल, असा इशाराही दिला. थोर पुरुषाविषयी कृतज्ञ असावे, परंतु त्या कृतज्ञतेलाही मर्यादा असते, हे त्यांचे सांगणे होते. ज्या नेत्याला कोट्यवधी लोक दैवतासमान मानीत होते, त्यानेच हे सांगावे, यात त्यांची थोरवी आहे.

बंधू-भगिनींनो, आपल्या संस्था लहान आहेत. तेथे कोणी हुकूमशहा नाही. परंतु एकमताचा सोहळा आपल्याकडेही होतो. कार्यकारिणी टाळ्यांच्या गजरात बिनविरोध निवडली जाते आणि त्याचा आपणांस अभिमान वाटतो. येथे जन्मलेला एखादा तरुण 'असे का?' असे विचारतो, तेव्हा बाबासाहेबांचे नाव घेऊन त्याला गप्प बसविले जाते. तो वाद घालीत नाही. पुढच्या वर्षी येतच नाही. तो का आला नाही, हे आपण विचारीतही नाही. रुग्णाने दुसऱ्या डॉक्टराचा सल्ला घेतला म्हणून शहाणा डॉक्टर रागावत नाही. निदान पक्के होण्यास त्याची मदतच होते. तसेच हे आहे.

म्हणून आम्ही तीन साध्या सूचना करतो. कार्यकारिणीची निवडणूक गुप्त मतदानाने व्हावी, मग उमेदवार एकच का असेना. वार्षिक सभेच्या इतिवृत्तात बहुमताच्या निर्णयाबरोबर विरोधी मतही नावानिशी नोंदवावे. आणि आज उल्लेखिलेल्या कादंबऱ्यांपैकी एक तरी प्रत्येक घरात आई-वडिलांनी मुलांसमवेत वाचावी; प्रश्न मुलांनी विचारावेत आणि उत्तरे देण्याची घाई आपण करू नये.

मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' हे दोन निराळे शब्द आहेत. 'आम्ही' म्हणताना समोरचा माणूस बाहेर राहतो. 'आपण' म्हणताना तो आत येतो. झाम्यातिन यांच्या राज्यात असा दुसरा शब्दच नव्हता, आणि तेथे 'मी' म्हणणे हाही रोग ठरला होता. आपल्या धम्माचा संघ हा 'आपण' म्हणणाऱ्यांचा संघ व्हावा, आणि त्यात विरोधासाठी वर झालेल्या हातालाही सन्मानाने जागा असावी, एवढी इच्छा व्यक्त करून आम्ही आपली रजा घेतो.

नमो बुद्धाय! जयभीम!