पटावरचा सिद्धाचल



चातुर्मासात शत्रुंजयाची यात्रा बंद असते. कार्तिकी पौर्णिमेला गिरिराजाचा मार्ग पुन्हा खुला होतो. त्या दिवशी पालिताण्यास जाऊ न शकणारे गावोगावचे श्रावक कापडावर रंगविलेला शत्रुंजयाचा पट उभारतात, त्यासमोर चैत्यवंदन करतात आणि सिद्धाचलाच्या एकवीस नावांची एकवीस खमासमणे देतात. या भावयात्रेचा वाटाड्या म्हणजे पट रंगविणारा चितारी. इ.स. १२२१ च्या सुमारास महामात्य वस्तुपाल संघ घेऊन जी चढण चढला, तीच चितारी कुंचल्याने पुन्हा चढतो. १४३३ साली चांपानेर येथे रंगविलेला पंचतीर्थी पट या परंपरेच्या प्राचीनतेची साक्ष देतो.

नकाशा अंतर मोजतो. पट यात्रेकरूच्या पावलांचा क्रम सांभाळतो. प्रथम तळेटी, मग साडेतीन हजारांहून अधिक पायऱ्यांची वळणे, वाटेवरील कुंड व पादुका, डोलीवाले, रामपोळ, आणि अखेरीस दादा आदीश्वरांचे मंदिर व रायण वृक्षाखालील पगले. डोंगर समोरून दिसतो, मंदिरांची आवारे वरून दिसतात, आणि मूलनायकांची मूर्ती तर मध्ये भिंत नसावी तशी संपूर्ण दिसते. पाश्चात्त्य चित्रदृष्टीला हा दोष वाटेल. परंतु दूरचे ते लहान, असा नियम पाळला तर सर्वांत उंचावरचे दादाच सर्वांत लहान व्हायचे! अलीकडे काही ठिकाणी छायाचित्राचा छापील पट लावतात. त्यात शिखरे स्वच्छ दिसतात, गाभारा मात्र दिसत नाही.

गुरूचा पट गिरवून चिताऱ्याचे भागत नाही, कारण गिरिराजही बदलत आला आहे. मुंबईचे शेठ मोतीशाह यांनी दोन शिखरांमधील कुंतासराची दरी भरून काढून तेथे टुंक उभारविली. १८३७ मध्ये तिची प्रतिष्ठा झाली; शेठ त्याआधीच निवर्तले होते. त्यापूर्वीच्या पटात त्या जागी दरी आहे, नंतरच्या पटात मंदिरांची दाटी. जुनाच पट रेघ न् रेघ गिरवणारा चितारी हाताने कितीही कुशल असो, पटासमोर हात जोडून उभ्या असलेल्या, गिरिराज कधीच न पाहिलेल्या वृद्धेचे तेवढ्या जिनबिंबांचे वंदन राहून जाते, आणि ते राहिले हे तिला कळतही नाही.