कोरफड बियांपासून: पाकीट मागवण्याआधी हे ऐका

साकोलीवरून बोलतोय. आजचा विषय कोरफड, आणि तीही बियांपासून. हेडफोन लावलेच आहेत तर पाच मिनिटं द्या, कदाचित घरचे पैसे वाचतील.

बऱ्याच जणांचा एकच प्रश्न आला: "मोबाईलवर ॲलोव्हेराच्या बियांचं पाकीट दिसते, मागवू का?" एका भावाचा तर बर्डी जमिनीत अर्धा एकर लावायचा बेत आहे. धान विकून आलेले पैसे बाबांनी त्यासाठी बाजूला ठेवलेत. म्हणून जरा नीट सांगतो.

आपल्या अंगणातली कोरफड बुडाशी पिल्लं देते. पिल्लू काढायचं, दोन दिवस सावलीत जखम सुकू द्यायची आणि लावायचं. झालं! पण पिल्लू म्हणजे आईची हुबेहूब नक्कल. गावात या घरून त्या घरी गेलेली कोरफड बहुतेक एकच झाड असते. आणि कोरफडीला स्वतःचा पराग सहसा चालत नाही, वेगळ्या वंशाच्या झाडाचा लागतो. म्हणून दांडा निघतो, पिवळी फुलं येतात, पण बोंड क्वचितच धरते. मग पाकिटात इतकं स्वस्त बी आलं कुठून, हा प्रश्न आधी विचारा. खरं बी चपटं, करडं-तपकिरी असते, कडेला कागदासारखा पातळ पंख. गोल, काळं, गुळगुळीत बी निघालं तर समजा, ती कोरफड नव्हे.

मग बियांच्या मागे लागायचंच कशाला? कारण बियांतून आलेलं प्रत्येक रोप थोडं वेगळं असते. एखादं ऊन जास्त सोसते, एखादं पावसात कमी सडते. नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे आठवा. 1983 मध्ये त्यांना पटेल-3 धानात वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी ते बी वेगळं ठेवलं, दरवर्षी निवडत गेले, आणि त्यातून एचएमटी तांदूळ आला. निवड करायची तर आधी फरक पाहिजे, आणि फरक बियांतून येतो.

कोरफडीच्या 500 हून जास्त जाती आहेत, बहुतेक आफ्रिका, मादागास्कर आणि अरबस्तानातल्या. दोन वेगळी झाडं एकाच वेळी फुलली, तर सकाळी मऊ ब्रशने एकाचा पराग दुसऱ्याला लावा. बोंड सुकून तडकायच्या आत काढा. बी ताजं असतानाच पेरा, जुनं झालं की उगवण घटते.

पेरायचं कधी? आपल्याकडे पाऊस सरला की, ऑक्टोबरात. पावसाळ्यातल्या दमट हवेत बुरशी लागते आणि कोवळी रोपं बुडाशी सडून आडवी पडतात. मिठाईच्या प्लास्टिक डब्याला खालून भोकं पाडा. दोन भाग जाडी रेती, एक भाग चाळलेलं कुजलेलं खत. बी वर पसरा, रेतीचा पातळ थर द्या, डबा पाण्याच्या ताटात ठेवून खालून ओल चढू द्या. साधारण एक ते चार आठवड्यांत गवतासारखं हिरवं पातं दिसेल. मग झाकण काढा, हवा खेळू द्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कोरफड दुष्काळ सोसते, पण तिचं बाळ सोसत नाही. मोठी कोरफड पानात पाणी साठवते आणि पानांवरची बारीक छिद्रं दिवसा मिटून रात्री उघडते, म्हणून पाणी कमी उडते. कोवळ्या रोपाकडे साठाच नसतो. धानाच्या पऱ्ह्याला जपता ना, तसंच पहिलं वर्ष जपा. थोडी ओल ठेवा, आणि मे महिन्यात सावली द्याच. फुलायला तीन-चार वर्षं लागतील.

तर त्या भावाला माझं उत्तर: अर्धा एकर बियांवर लावू नको. शेतासाठी पिल्लंच बरी. बर्डीत पाणी थांबत नाही, ते चांगलं आहे. धानाच्या बांधीत मात्र मुळं सडतील. आणि कोणी म्हणत असेल, "रोपं आमच्याकडून घ्या, पानं आम्हीच विकत घेऊ," तर कारखाना कुठे आहे ते स्वतः जाऊन पाहा आणि करार बाबांसोबत बसून वाच. कोरफडीच्या गरात जवळजवळ सगळं पाणीच असते. कापलेलं पान फार वेळ टिकत नाही आणि वजनामुळे वाहतूक महाग पडते. घेणारा जवळ नसेल तर पीक चांगलं येऊनही उपयोग नाही. आपल्या साकोलीतच कृषी विज्ञान केंद्र आहे, पैसे देण्याआधी तिथे एक चक्कर मार.

बियांचा डबा मात्र प्रत्येकाने एक तरी करून बघा. वीस रोपं निघाली तर त्यातलं सगळ्यात दणकट कोणतं, यावर नजर ठेवा आणि पुढच्या वर्षी मला व्हॉइस नोट पाठवा. चला, भेटू पुढच्या भागात!