पाल्यास मानवेल असे महाविद्यालय



आज ज्यांचा येथे गुणगौरव झाला, त्यांचे मनःपूर्वक अभिनंदन. आता घरोघरी प्रश्न निघेल, कॉलेज कोणते? उत्तरही बहुधा ठरलेले असते : ज्याचे नाव मोठे ते. आयुष्य अध्यापनात घालविल्यामुळे याची दुसरी बाजू मांडणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

आपल्याच जिल्ह्यातील दोन थोर पुरुष पाहा. महाडजवळील नाते येथे १८९६ साली जन्मलेले चिंतामणराव देशमुख १९१२ साली मॅट्रिकला पहिले आले, केंब्रिजला शिकले आणि पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. पेण तालुक्यातील गागोद्याचे विनोबा भावे त्यांच्याहून चारच महिन्यांनी मोठे. बडोद्याच्या कॉलेजातून १९१६ साली ते इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईस निघाले आणि सुरतेसच उतरून काशीस गेले. बुद्धी दोघांचीही असामान्य. परंतु एकास जे मानवले, ते दुसऱ्यास मानवले नाही. विनोबांची वाट लाखांत एखाद्याची, हे खरे. तथापि मुलाची ओढ ओळखावी, एवढा बोध सर्वांनीच घ्यावा.

पनवेलकरांस आज पर्याय पुष्कळ आहेत. रयत शिक्षण संस्थेचे महात्मा फुले महाविद्यालय गावातच आहे. मुंबईच्या कॉलेजात जाण्यास लोकल आहे. पण बोरीबंदरापर्यंत जाण्यायेण्यात रोज अडीच तासांहून अधिक वेळ जातो. तो वाचनातून, खेळातून आणि झोपेतूनच वजा होतो. वसतिगृहात ठेवणार असाल, तर तेथील जेवण आणि सोबत पाहा. मराठी माध्यमातून आलेल्या मुलास इंग्रजी व्याख्याने प्रथम जड जातात. त्याला तेथे कोणी हात देईल काय, याची चौकशी करा. प्रवेशाच्या गर्दीत नव्हे, तर एखाद्या साध्या दिवशी मुलाला घेऊन जा. ग्रंथालयात घटकाभर बसा. दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारा : शंका काढली तर प्राध्यापक थांबतात का?

इतके करूनही एखाद्याचे मन रमत नाही. पेढे वाटून झालेले असतात. आता कोणत्या तोंडाने सांगावे, या संकोचाने ते लेकरू आतल्या आत कुढत राहते. अशा वेळी विषय वा कॉलेज बदलणे यात कुळास कमीपणा नाही.

म्हणून मंडळास आमची नम्र सूचना आहे. दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीत पहिल्या वर्षाच्या मुलामुलींस ज्ञातीतील वडील विद्यार्थ्यांसह एकत्र बोलवावे. गुणपत्रिका मागू नये. ‘बाळ, तेथे मन रमले का?’ एवढेच विचारावे, आणि उत्तर शांतपणे ऐकून घ्यावे.