शरीराची स्मृती आणि गोवर

(संघाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



आजच्या मंगल प्रसंगी रोगराईचा विषय काढणे काहींना अप्रस्तुत वाटेल. तथापि हा विषय आपल्या प्रत्येकाच्या घरातील पाळण्याशी निगडित आहे, म्हणून मी तो बुद्ध्याच निवडला आहे. “गोवर काय, सगळ्यांनाच येतो, एकदा येऊन गेला की मूल निर्धास्त झाले,” हे वाक्य आपल्या घराघरांतून पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येत आले आहे. ते गोवरापुरते सत्य आहे, आणि म्हणूनच फसवे आहे. ते कसे, हे मी आपणांपुढे यथामति मांडणार आहे.

गोवराचा विषाणू इतका सूक्ष्म असतो की, एक मिलिमीटर लांबीत असे सुमारे पाच हजार विषाणू ओळीने मावतील. तो अन्न खात नाही, श्वास घेत नाही, स्वतःच्या बळावर वाढतही नाही. लग्नघरात एखादा आगंतुक शिरावा व त्याने आचाऱ्याच्या हाती एक चिठ्ठी ठेवावी, तसा हा प्रकार आहे. चूल यजमानाची, शिधा यजमानाचा, आचारीही यजमानाचा. परंतु चिठ्ठीबरहुकूम पक्वान्ने मात्र आगंतुकाची शिजू लागतात! विषाणूजवळची ही चिठ्ठी म्हणजे आर.एन.ए. नामक द्रव्याचा धागा होय. त्यावर सुमारे सोळा हजार अक्षरांत सहा जनुके लिहिलेली असतात. चिठ्ठीच्या नकला काढणारा कारकून तेवढा तो आपल्याबरोबर आणतो. बाकी सर्व सामग्री आपल्या पेशीची. पेशीत शिरल्यावर चिठ्ठीच्या असंख्य नकला निघतात, नवे विषाणू जुळवले जातात आणि पेशीच्याच आवरणाचा तुकडा पांघरून ते बाहेर पडतात व शेजारच्या पेशी गाठतात.

आपले शरीरही स्वस्थ बसत नाही. विषाणूने पछाडलेली पेशी इंटरफेरॉन नावाचे द्रव्य स्रवून शेजारणींना सावध करते. हे द्रव्य सन १९५७ मध्ये लंडन येथे आयझॅक्स व लिंडेनमन या शास्त्रज्ञांनी शोधून काढले. गोवराचा विषाणू मात्र धूर्त. तो आरंभीचे काही दिवस ही हाक दडपून ठेवतो. त्यामुळे संसर्गानंतर सुमारे दहा दिवस मूल हसत-खेळत असते. तोवर रक्तातील पांढऱ्या पेशींची दोन पथके सिद्ध होतात. एक पथक विषाणूने व्यापलेल्या पेशी हुडकून त्यांचा नाश करते. दुसरे प्रतिपिंडे नावाची द्रव्ये निर्माण करते, व ती मोकळ्या विषाणूंना चिकटून त्यांना निकामी करतात. मुलाच्या अंगावर उठणारे पुरळ हे वस्तुतः आपल्याच सैनिकांनी त्वचेत चालविलेल्या युद्धाचे चिन्ह होय.

युद्ध संपल्यावर बहुतेक सैनिक नष्ट होतात. परंतु शत्रूची ओळख पटलेल्या काही पेशी वर्षानुवर्षे जागत राहतात. हीच शरीराची स्मृती. तिचा मोठा मार्मिक पुरावा उत्तर अटलांटिक महासागरातील फेरो बेटांवर मिळाला. तेथे सन १७८१ मध्ये गोवराची साथ आली होती व पुढे ६५ वर्षे तो रोग तिकडे फिरकला नाही. सन १८४६ मध्ये तो पुन्हा आला तेव्हा सुमारे ७,८०० रहिवाशांपैकी सुमारे ६,००० आजारी पडले. पानुम नावाच्या तरुण डॅनिश डॉक्टरने घरोघर चौकशी केली. १७८१ मध्ये ज्यांना गोवर येऊन गेला होता, अशा वृद्धांपैकी एकालाही तो पुन्हा झाल्याचे त्याला आढळले नाही. त्या वेळी जे बचावले होते, त्यांतील अनेक वृद्धांना मात्र या खेपेस त्याने गाठले. पासष्ट वर्षे शरीराने शत्रूचा चेहरा लक्षात ठेवला होता!

मग प्रश्न असा की, गोवर येऊ दिला तर बिघडले कोठे? बंधुभगिनींनो, या वाक्याचा फसवेपणा येथेच आहे. गोवराचा विषाणू ज्या पेशींवर विशेषेकरून हल्ला करतो, त्यांतच ही स्मृती जपणाऱ्या पेशी असतात. गोवराची आठवण मागे राहते; परंतु इतर रोगांच्या साठवलेल्या आठवणी पुसल्या जातात. सन २०१३ मध्ये नेदरलँड्‌समध्ये, धर्मश्रद्धेमुळे लस न घेणाऱ्या समाजात गोवराची साथ आली. त्या वेळी ७७ मुलांचे रक्त आजारापूर्वी व आजारानंतर तपासण्यात आले. त्यांच्या अंगच्या नानाविध प्रतिपिंडांपैकी ११ ते ७३ टक्के नाहीशी झाल्याचे शास्त्रज्ञांनी सन २०१९ मध्ये प्रसिद्ध केले. लस घेतलेल्या मुलांत असा ऱ्हास दिसला नाही. शाळेच्या वहीतील एक धडा पाठ व्हावा आणि त्यापायी मागील कित्येक पाने फाडली जावीत, असा हा व्यवहार आहे. गोवरातून उठलेले मूल पुढे दोन-तीन वर्षे अन्य रोगांना सहज बळी पडू शकते, ते यामुळेच.

लस हाच धडा पाने न फाडता शिकविते. सन १९५४ मध्ये बॉस्टन येथील एका शाळकरी मुलाच्या रक्तातून एंडर्स व पीबल्स यांनी हा विषाणू वेगळा केला. तो प्रयोगशाळेत वाढवून, दुर्बल करून तयार केलेली लस सन १९६३ पासून वापरात आली. असे असूनही सन २०२३ मध्ये जगात एक लाखाहून अधिक माणसे गोवराने मरण पावली. त्यांतील बहुतेक पाच वर्षांखालील बालके होती. हे फार दूरचे वाटू नये. सन २०२२ च्या अखेरीस खुद्द मुंबईत, विशेषतः गोवंडी भागात, ही साथ पसरली आणि बालके दगावली.

आता ज्ञातिसंस्थेच्या व्यासपीठावर हे का सांगावे? कारण ही बाब एकेका घराची नाही. सरकारी वेळापत्रकाप्रमाणे लशीची पहिली मात्रा नऊ महिने पूर्ण झाल्यावर, बारा महिन्यांच्या आत, व दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान द्यावयाची असते. म्हणजे नऊ महिन्यांखालील तान्ही मुले सर्वस्वी आपल्या भरवशावर असतात. गोवराचा रोगी पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासूनच रोग पसरवीत असतो, आणि असंरक्षित समाजात एक रोगी बारा ते अठरा जणांना बाधा देऊ शकतो. आपल्या लग्नमुंजींत मुलांची केवढी दाटी असते ते आपण जाणताच! शंभरांतील पंचाण्णव जण संरक्षित असतील तरच रोगाला वाट मिळत नाही.

म्हणून माझी नम्र विनंती एवढीच की, घरी गेल्यावर प्रत्येकाने मुलानातवंडांचे लसीकरणाचे कार्ड काढून दुसऱ्या मात्रेची नोंद आहे की नाही ते पाहावे. नसल्यास सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळणारी लस टोचून घेण्यास विलंब लावू नये. ज्यांना हे जमणे कठीण, त्यांच्यासोबत आपल्या तरुण कार्यकर्त्यांनी जावे. संघ विद्यार्थ्यांना पारितोषिके देतो, ते योग्यच आहे. परंतु पारितोषिक घेण्यास मूल सुखरूप वाढले पाहिजे, ही त्याआधीची पायरी आहे.