न्हाणीतला बंब : घेताना काय पाहायचं

दिवाळी तोंडावर आली की गटाच्या बैठकीत कर्जाच्या मागणीत एक वस्तू हमखास असते, ती म्हणजे बंब. पहिल्या अंघोळीला घरात गरम पाणी भरपूर हवं, आणि पुढे थंडी तर आहेच. आपल्या नाशिक जिल्ह्याची थंडी म्हणजे काय ते निफाडच्या बाया सांगतील. हिवाळ्यात कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा किती उतरला याची पेपरात बातमी होते आणि द्राक्षाच्या पानांवर दव गोठतं. अशा पहाटे शाळेच्या पोरांना आणि म्हाताऱ्या सासूबाईंना थंड पाण्याने अंघोळ घाला असं कोण म्हणेल? म्हणून आज आम्ही बंबाबद्दल बोलणार आहोत. एकदा पैसा घातला की वीस-तीस वर्षं पाहावं लागू नये, असा बंब कसा निवडायचा?

आधी एक गंमत. रिसॉर्टात कामाला जाणाऱ्या मैत्रिणी सांगतात की पाहुण्यांसाठी गरम पाण्याचा मोठा टब असतो, माणसं त्यात तासभर बसून राहतात. असा टब हजार लिटरचा धरला तर पाणी २० अंशांनी तापवायला सुमारे २३ युनिट वीज लागते, तीही एका वेळेला. आणि हजार लिटर पाणी म्हणजे माणशी १५ लिटर धरलं तर पाच जणांच्या घराच्या तेरा दिवसांच्या अंघोळी. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या वाडीला हे सांगूसुद्धा नये. आपला टब म्हणजे घंगाळ, आणि त्यात पाणी देणारा बंब.

या दोन्ही वस्तूंचं नाशिकशी जुनं नातं आहे. १८८३ सालच्या, इंग्रजांच्या काळातल्या जिल्हा गॅझेटिअरमध्येही इथल्या तांब्या-पितळेच्या भांड्यांची नोंद आहे. गोदावरीला पूर आला की पाणी शिरतं तो भांडी बाजार आजही तिथेच आहे. एवढा बाजार जवळ असताना तालुक्याच्या प्रदर्शनात चकचकीत दिसलेला पहिलाच बंब उचलू नका.

बंब तीन धातूंचे मिळतात : तांब्याचा, लोखंडी पत्र्याचा आणि स्टीलचा. दुकानदार सांगेल, तांब्यात पाणी निम्म्या वेळात तापतं. ते फार मनावर घेऊ नका. तांबं लोखंडापेक्षा उष्णता सात-आठ पट चांगली वाहतं हे खरं. पण बंबाचा पत्रा मुळातच पातळ असतो, आणि जाळाची धग पत्र्यात शिरायलाच खरा वेळ लागतो. त्यामुळे पाणी तापण्याच्या वेळेत तेवढा फरक पडत नाही. तांब्याचा खरा गुण वेगळा आहे. ते गंजत नाही. गळलं तर तांबट पुन्हा झाळून देतो. आणि अगदी निकामी झालं तरी मोडीत किलोवर पैसे येतात. लोखंडी बंब स्वस्त, पण रोज ओला, रोज कोरडा, रोज राख, त्यामुळे तो आतून खात जातो आणि शेवटी भंगारात चार पैशांना जातो. स्टीलचं म्हणाल तर त्यातही प्रती असतात. बोअरच्या खारट पाण्याला ३०४ प्रतीचं स्टील टिकतं. २०२ प्रतीच्या स्टीलला जोडापाशी गंजाचे ठिपके येतात. वरून दोन्ही सारखीच दिसतात, म्हणून प्रत पावतीवर लिहून मागा.

आता तांब्याचाच घ्यायचा ठरला तर काय बघाल? भाव किलोवर असतो, म्हणून आपल्याला वाटतं हलका घेतला तर वाचलं. इथेच पैसे जातात. एकाच मापाचे दोन बंब काट्यावर ठेवा. जो जड, त्याचा पत्रा जाड. बंब बाहेरून कधी फाटत नाही. तो जातो तो मधल्या नळ्यात, जिथे जाळ असतो. म्हणून झाकण काढून नळ्यात हात घाला आणि तिथला पत्रा बाहेरच्याइतका तरी जाड आहे का ते बोटांनी पाहा. काही ठिकाणी बाहेर जाड आणि आत पातळ असा माल असतो. बाहेरच्या मठाराच्या ठोक्यांना भुलू नका. हाताने ठोकलेलं तांबं कडक होतं, हे खरं. पण शोभेच्या बंबांवरही ठोक्यांची नक्षी उठवलेली असते. हे बंब शहरात दिवाणखान्यात ठेवायला नेतात. त्यांना जाळ कधी सोसावा लागत नाही.

पिशवीत एक लोहचुंबक ठेवा. तांब्या-पितळेला तो चिकटत नाही. चिकटला तर आत लोखंड आहे आणि वर तांब्याचं पाणी चढवलं आहे. मग दुकानातच बंब तोंडापर्यंत भरायला सांगा, बाहेरून कोरडा पुसा, आणि चहा होईपर्यंत थांबा. सांध्यावर, तोटीच्या मुळाशी, तळाच्या कडेला ओल दिसते का बघा. दुकानदार कुरकुर करेल, करू द्या. पावतीवर वजन वेगळं, धातूचा भाव वेगळा आणि घडणावळ वेगळी लिहून घ्या. आणखी एक विचारायचं : हाच बंब पुढे मोडीला आणला तर तूट किती धराल? या प्रश्नाचं उत्तर जो सरळ देतो, त्याच्या दुकानात आम्ही बसतो.

माप किती? ४० लिटरच्या बंबात विसण घालून चौघांच्या अंघोळी होतात. त्याला वाळलेलं जळण अंदाजे किलोभर लागतं, कारण जाळ पाण्याच्या मधोमध असतो. उघड्या चुलीवर हंडा ठेवला तर त्याहून बरंच जास्त जातं. द्राक्षाच्या छाटणीच्या काड्या, मक्याची रिकामी कणसं, तुरीच्या तुऱ्हाट्या, सगळं चालतं, फक्त वाळलेलं हवं. पेटवायला प्लास्टिकची पिशवी मात्र कधीच नको. तो विषारी धूर आधी पेटवणारीच्याच छातीत जातो.

धुराचं जरा जास्त बोलतो. २०१६ पासून उज्ज्वला योजनेत घरोघर गॅस आला, स्वयंपाकघरातला धूर कमी झाला. पण अंघोळीचं पाणी बहुतेक घरांत अजून जळणावरच तापतं, आणि पहाटे पाचला बंबापुढे फुंकणी घेऊन बसते ती घरातली बाईच. बंबाची जागा अंगणात किंवा पडवीत, डोक्यावर पत्रा आणि तीन बाजू मोकळ्या अशी हवी. थंडी वाजते म्हणून पेटता बंब बंद न्हाणीत कधीही घेऊ नका. कोंडलेल्या जागेत जाळातून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणसाला गुंगी येते आणि उठताच येत नाही. न्हाणीच्या आत बसवलेल्या गॅस गिझरचाही हाच धोका आहे. गिझर बाहेर आणि फक्त पाण्याचा नळ आत, असंच बसवून घ्या.

जाळापेक्षा विसरभोळेपणाने बंब जास्त मरतात. पाणी संपलं आणि खाली निखारे तसेच राहिले की सांधे सुटतात. तांबं वितळायला हजारावर अंश लागतात, पण झाळायला वापरलेलं कथिल-शिशाचं मिश्रण दोनशेच्या आसपासच पातळ होतं. म्हणून आधी पाणी, मग काडी. आणि शेवटची अंघोळ झाली की एक कळशी ओतून ठेवायची. त्या सांध्यात शिसं असू शकतं, म्हणून बंबातलं पाणी चहाला, भाताला किंवा बाळाच्या दुधाला घेऊ नका, कितीही आयतं गरम असलं तरी. राख रोज काढा, ओली राख पत्रा खाते. तुमचं पाणी जड असेल तर आत पांढरी खपली धरते आणि जळण जास्त लागायला लागतं. अशा वेळी तांबटाकडून साफ करून आणा. बाहेरून चिंचेने घासला की लखलखतो, पण नाही घासला तरी बंबाचं काही बिघडत नाही. ती हौस सवडीची.

घंगाळाला एकच नियम, पण तो मोडायचा नाही : आधी थंड पाणी, मग गरम. बंबातून ६० अंशांचं पाणी सहज येतं, आणि ते लहान मुलाची कातडी काही सेकंदांत भाजतं. रांगतं मूल घरात असेल तर तोटी त्याच्या हाताला लागणार नाही एवढ्या उंचीचा ओटा बंबाखाली करा. बाळंतिणीच्या आणि बाळाच्या पाण्यात कोपर बुडवून बघा, बोटं कामाने राठ झालेली असतात, त्यांना नीट कळत नाही. आणि घंगाळात विजेची कांडी टाकून पाणी तापवू नका. धातूच्या भांड्यात कांडी फुटली तर अख्खं भांडंच शॉक देतं.

सोलरबद्दल पुढच्या खेपेला सविस्तर बोलू. छत पक्कं आणि घर मोठं असेल तर तो चांगलाच, फक्त गारपिटीचा आणि जड पाण्याचा विचार आधी करायचा.

कर्जाचा अर्ज भरण्याआधी माळ्यावर एकदा चढून बघा. आजेसासूबाईंचा काळा पडलेला, तोटी मोडलेला बंब तिथे असू शकतो. तो तांबटाला दाखवा. नळा शाबूत असेल तर नवी तोटी आणि दोन सांधे झाळून तो पुन्हा उभा राहतो, आणि जुन्या बंबांचा पत्रा बहुतेक वेळा आजच्यापेक्षा जाड असतो. नळाच गेला असेल तर मोडीचं वजन करून घ्या आणि तेवढी रक्कम वजा करूनच गटाकडे कर्ज मागा.